डेलिया डार्बिशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेलिया डार्बिशर कोण होत्या?

ब्रिटिश संगीतकार. जन्म ५ मे १९३७, कॉव्हेंट्री; मृत्यू ३ जुलै २००१, नॉर्थम्प्टन. १९६२ ते १९७३ अशी अकरा वर्षं त्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये होत्या आणि तेवढ्या काळात जवळपास दोनशे रेडिओ-टीव्ही कार्यक्रमांसाठी त्यांनी संगीत किंवा ध्वनी तयार केले. बहुतेकांना त्या 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेच्या शीर्षकधुनेमुळे ठाऊक असतात. ती धून महत्त्वाची आहेच, पण तिच्यापाशीच थांबलं तर त्यांचं निम्मं कामही कळत नाही.

त्यांचं शिक्षण संगीताचं की गणिताचं?

दोन्हींचं, आणि ते त्यांच्या कामात ऐकू येतं. वडील कॉव्हेंट्रीत पत्र्याचं काम करणारे कारागीर. डेलिया आठव्या वर्षापासून पियानो शिकत होत्या. बार्स हिल शाळेतून त्या गणिताची शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेल्या, वर्षभराने संगीताकडे वळल्या आणि १९५९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात त्यांनी फिलिप्सच्या दालनात एडगार व्हारेझ यांची 'पोएम इलेक्ट्रॉनिक' ऐकली. टेपवर रचलेलं संगीत, अख्ख्या इमारतीत बसवलेल्या स्पीकरांमधून फिरणारं.

बालपणाबद्दल त्या स्वतः एक गोष्ट आवर्जून सांगत. नोव्हेंबर १९४० मध्ये कॉव्हेंट्रीवर जबर बॉम्बहल्ला झाला, तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा आणि धोका टळल्याचा भोंगा हे आपण ऐकलेलं पहिलं अमूर्त संगीत, असं त्यांचं म्हणणं होतं. भोंग्याचा स्वर सरकत वर चढतो आणि सरकतच उतरतो. त्यांच्या रचनांमधल्या मींडेसारख्या हालचाली ऐकताना हे आठवतं खरं, पण सगळं संगीत त्या एका आठवणीतून उगवलं असं मानायचं कारण नाही.

बीबीसीत त्या कशा आल्या?

सरळ वाटेने नाही. १९५९ मध्ये डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा आमच्या स्टुडिओत बायकांना घेत नाहीत असं तोंडावर सांगितलं गेलं. मग काही महिने जिनिव्हात संयुक्त राष्ट्रसंघाच्या दूरसंचार संघटनेत नोकरी, परत येऊन शाळेत शिकवणं, मग लंडनच्या बूझी अँड हॉक्स या संगीत प्रकाशकांकडे काम. नोव्हेंबर १९६० मध्ये बीबीसीत प्रशिक्षणार्थी स्टुडिओ सहायक म्हणून रुजू झाल्या. एप्रिल १९६२ पासून रेडिओफोनिक वर्कशॉप. तिथली नेमणूक बाकीच्यांना शिक्षेसारखी वाटायची. यांनी ती मागून घेतली.

रेडिओफोनिक वर्कशॉप म्हणजे नेमकं काय होतं?

रेडिओ नाटकं, शैक्षणिक कार्यक्रम आणि पुढे टीव्ही यांच्यासाठी नवे ध्वनी बनवणारा बीबीसीचा विभाग. डेझमंड ब्रिस्को आणि डॅफ्ने ओरम यांच्या पुढाकाराने तो १ एप्रिल १९५८ रोजी लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत सुरू झाला आणि १९९८ मध्ये बंद झाला. ओरम वर्षभरातच बाहेर पडल्या आणि त्यांनी केंटमध्ये स्वतःचा स्टुडिओ उभारला.

इथली यंत्रं संगीतासाठी बनलेली नव्हती. ऑसिलेटर म्हणजे इंजिनिअर लोक उपकरणं तपासायला वापरतात ते सूर देणारे डबे. शिवाय व्हाइट नॉइज (सगळ्या वारंवारितांची एकसारखी खरखर) देणारं यंत्र, फिल्टर, काही टेपरेकॉर्डर, आणि 'वॉब्युलेटर' नावाचा एक ऑसिलेटर, ज्याचा सूर आपोआप वर-खाली हेलकावे घेई. बारा ऑसिलेटर एका छोट्या पट्टीला (कीबोर्डला) जोडून हार्मोनियमसारखे वाजवता येत, पण प्रत्येकाचा सूर हाताने लावावा लागे आणि यंत्र तापलं की तो सरके. पैसे कमी, मुदत आठवड्याभराची आणि बहुतेक सामान इतर विभागांनी टाकून दिलेलं.

हे संगीत 'इलेक्ट्रॉनिक' की 'इलेक्ट्रोअकूस्टिक'?

१९४८ मध्ये पॅरिसला पिएर शेफर यांनी रेल्वेचे, भांड्यांचे, दारांचे मुद्रित आवाज घेऊन रचना केल्या. त्या पद्धतीला 'म्युझिक काँक्रेट' म्हणतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत मंडळी केवळ ऑसिलेटरच्या शुद्ध सुरांतून संगीत घडवत होती. दोन्ही गटांचं एकमेकांशी फारसं जमत नव्हतं. मेडा व्हेलमध्ये हा वाद परवडणारा नव्हता. तार, बाटली, लॅम्पशेड, माणसाचा गळा, ऑसिलेटर, जे हाताशी असेल ते एकाच टेपवर यायचं. म्हणून डेलियांच्या कामाला इलेक्ट्रोअकूस्टिक, म्हणजे मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक आवाज एकत्र आणणारं, म्हणणंच योग्य.

'डॉक्टर हू'ची धून त्यांनी रचली का?

स्वरलेखन रॉन ग्रेनर यांचं, ध्वनिरूप डेलियांचं. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांना आधी 'ले स्ट्रुक्त्युर सोनोर' हा फ्रेंच वाद्यवृंद हवा होता; ते जमलं नाही आणि काम वर्कशॉपकडे आलं. ग्रेनर यांनी दिलेली संहिता एका कागदावर मावणारी होती: खालची चाल, वरची धून आणि मध्ये 'वाऱ्याचा बुडबुडा', 'ढग' अशा सूचना. ते कसे वाजावेत याचा निर्णय डेलिया आणि त्यांचे सहायक डिक मिल्स यांच्यावर सोडला होता. तयार टेप ऐकल्यावर हे खरंच मी लिहिलं का, असं ग्रेनर यांनी विचारलं आणि 'बरंचसं' असं उत्तर मिळालं, हा किस्सा प्रसिद्ध आहे.

ग्रेनर यांनी सहसंगीतकार म्हणून डेलियांचं नाव लागावं असा प्रयत्न केला. पण वर्कशॉपचे लोक पगारी कर्मचारी, श्रेय विभागाला, व्यक्तीला नाही, हा बीबीसीचा नियम आडवा आला. परिणामी स्वामित्वधन ग्रेनर यांना आणि डेलियांना महिन्याचा पगार. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पडद्यावर त्यांचं नाव आलं २०१३ मधल्या पन्नाशीच्या विशेष भागात, म्हणजे मृत्यूनंतर बारा वर्षांनी. मधल्या काळात किरकोळ फेरफार सोडले तर त्यांचंच मुद्रण १९८० पर्यंत वापरात होतं.

ती धून प्रत्यक्षात बनवली कशी?

कुणीही ती सलग 'वाजवली' नाही, हे आधी पक्कं डोक्यात ठेवावं. प्रत्येक स्वर टेपचा वेगळा तुकडा आहे.

खालची धडधडती चाल एकाच छेडलेल्या तारेच्या मुद्रणातून आली. ते मुद्रण वेगवेगळ्या वेगाने वाजवून दुसऱ्या टेपवर उतरवलं की वेगवेगळे स्वर मिळतात. या तारेखाली सरकत्या मंद्र स्वरांचा एक थर आहे, तो ऑसिलेटरचा. वरच्या धुनेत जिथे स्वर घसरत जातो तिथे ऑसिलेटरचं बटण मोजून-मापून हाताने फिरवलेलं आहे. जिथे स्वर सरळ उभे आहेत तिथे पट्टी वापरली आहे. 'स्स्स' असा फुत्कार, बुडबुडे आणि ढग हे फिल्टरमधून काढलेल्या व्हाइट नॉइजचे तुकडे.

मग खरं कष्टाचं काम. हवा तो प्रत्येक ध्वनी हव्या त्या प्रत्येक स्वरात तयार करून ठेवायचा. जोर कमी-जास्त हवा असेल तर तोच स्वर थोड्या वेगळ्या पातळीवर पुन्हा उतरवायचा, कारण चिकटवल्यानंतर स्वरागणिक आवाज बदलण्याची सोय नव्हती. प्रत्येक तुकडा कालावधीप्रमाणे मापून कापायचा आणि क्रमाने जोडायचा. तारेची चाल, तिच्याखालचे घसरते स्वर, फुत्कार, मुख्य धून, धुनेला उठाव देणारा वरचा सूर, बुडबुडे-ढग, अशा प्रत्येक ओळीची स्वतंत्र टेप. यातल्या बऱ्याच टेपा आजही शिल्लक आहेत आणि त्यांवर जवळजवळ इंचाइंचाला जोड दिसतो.

शेवटी मिश्रण. अनेक ट्रॅकचं यंत्र नव्हतंच. ओळींच्या टेपा वेगवेगळ्या यंत्रांवर चढवून सगळी यंत्रं एकदम सुरू करायची आणि एकत्र आवाज आणखी एका यंत्रावर उतरवायचा. जमलं नाही की परत. म्हणून आधी तारेच्या सगळ्या ओळींचं एक मिश्रण, धुनेचं दुसरं, फुत्कारांचं तिसरं असे टप्पे पाडले गेले.

कालावधी टेपवर मोजायचा कसा?

फूटपट्टीने. त्या काळी चांगल्या स्टुडिओत टेपचा वेग सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८.१ सेंमी असे. मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १९.०५ सेंमी. अर्धी मात्रा ९.५ सेंमी, पाव मात्रा पावणेपाच सेंमीच्या आसपास. मात्रेचे तीन भाग हवे असतील तर प्रत्येकी ६.३५ सेंमी.

वेग बदलून स्वर बदलताना कालावधीही बदलतो आणि इथेच नवशिके फसतात. वेग दुप्पट केला की स्वर एक सप्तक वर जातो आणि लांबी निम्मी होते. अर्धा स्वर वर न्यायचा तर वेग ५.९५ टक्के वाढवावा लागतो. षड्जावरचा एक सेकंदाचा आवाज पंचमावर नेला की ०.६७ सेकंदाचाच उरतो. त्यामुळे मूळ ध्वनी गरजेपेक्षा निदान दुप्पट लांब मुद्रित करून ठेवावा. दुसरी अडचण: वेग वाढला की आवाजाची सुरुवात अधिक टोकदार होते आणि पोत आखडतो, म्हणून एकाच नमुन्यातून दोन सप्तकं ओढली तर वरचे स्वर खेळण्यातले वाटतात. उपाय सोपा आहे, दर सप्तकाला निराळा मूळ नमुना घ्यायचा.

डेलियांच्या हाताशी लॉगरिदमची पुस्तिका असे. वारंवारितांची गुणोत्तरं आणि टेपच्या लांब्या त्यांनी कागदावर आधी काढलेल्या असत. गणिताची पदवी इथे शोभेपुरती नव्हती.

टेप कापताना काय बिघडतं?

बऱ्याच गोष्टी, आणि बहुतेक ऐकू येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

कापण्याचा कोन आधी ठरवावा. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी रुंद टेप ४५ अंशांत कापली तर जोडावर दोन आवाज एकमेकांत सुमारे १७ मिलिसेकंद मिसळतात (३८ सेंमी वेगाला). हे गुळगुळीत लागतं. ठोका स्पष्ट हवा असेल तर ९० अंशांचा सरळ काप हवा, पण मग जोडाच्या ठिकाणी आवाज शांत नसेल तर 'टक्' येतो. तारेच्या छेडीसारख्या आवाजात सरळ काप छेडीच्या किंचित आधी, जिथे शांतता आहे तिथे घालतात.

रेझर ब्लेड चुंबकित झालेलं असलं की प्रत्येक कापाला बारीक 'टक्' छापला जातो आणि दोष हाताचा वाटतो. ब्लेड अधूनमधून डीमॅग्नेटायझरने उतरवावं आणि धार गेली की फेकून द्यावं. चिकटपट्टी टेपपेक्षा किंचित अरुंद वापरतात. बरोबर तेवढ्याच रुंदीची घेतली तर गोंद कडेने बाहेर येऊन रिळावरचे थर एकमेकांना चिकटतात. घरातली साधी सेलोटेप तर कधीच नको, काही महिन्यांत तिचा गोंद पाझरतो आणि यंत्राचं हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) बरबटतं. खुणा मेणाच्या पांढऱ्या पेन्सिलीने, टेपच्या मागच्या बाजूला.

आणि तुकड्यांवर नावं घालावीत. तीस-चाळीस सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या टेबलाच्या कडेला लटकवल्या की कुठला गंधार आणि कुठला मध्यम हे ऐकल्याशिवाय सांगता येत नाही.

तीन यंत्रं एका लयीत कशी ठेवायची?

पूर्णपणे ठेवता येत नाहीत. दोन यंत्रांच्या वेगात हजारात एक एवढाच फरक असला तरी दोन मिनिटांत ०.१२ सेकंदाचं अंतर पडतं. १२० च्या लयीत ती जवळजवळ पाव मात्रा झाली. कान ते लगेच पकडतो. म्हणून लांब रचना तुकड्यातुकड्याने मिसळतात, किंवा मागे पडणाऱ्या टेपमधून दोन स्वरांच्या मधल्या शांततेचे काही मिलिमीटर कापून टाकतात.

प्रत्येक टेपच्या आधी ठरावीक लांबीची रंगीत लीडर टेप (मुद्रण नसलेली कोरी पट्टी) लावावी आणि तिच्यावरची खूण तिन्ही यंत्रांच्या हेडवर आणून थांबावं. एकच स्वर चुकतोय पण कुठे ते कळत नाही, अशा वेळी टेपा जमिनीवर शेजारी शेजारी पसरून जोड जुळवत जायचे. 'डॉक्टर हू'च्या वेळी मेडा व्हेलच्या लांब व्हरांड्यात हेच केलं गेलं: जिथे दोन टेपांचे जोड समोरासमोर येत नाहीत, तिथे चूक.

खरखरीचाही हिशेब ठेवावा लागतो. टेपची एक नक्कल केली की पार्श्वभूमीची खरखर सुमारे ३ डेसिबलनी वाढते, नकलेची नक्कल केली की मूळच्या तुलनेत जवळपास ५. सारख्या खरखरीच्या चार टेपा एकत्र मिसळल्या तर ६. तेव्हा पहिलं मुद्रण शक्य तितक्या वरच्या पातळीवर घ्यायचं आणि नकलांचे टप्पे कमीत कमी ठेवायचे.

हिरव्या लॅम्पशेडची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि धुनेपेक्षा त्यांची पद्धत इथे जास्त स्पष्ट दिसते. १९६७ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटासाठी, सहारातल्या तुआरेग लोकांवरच्या, त्यांना संगीत करायचं होतं. वाळवंट, उंटांचा तांडा, थरथरणारी हवा. वर्कशॉपमध्ये एक जुनाट हिरवी धातूची लॅम्पशेड होती, तिचा नाद त्यांना फार आवडायचा. 'ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स' ही रचना त्या नादातून आणि त्यांच्याच गळ्याच्या आवाजातून उभी राहिली.

त्यांनी लॅम्पशेडवर टोला मारून आवाज मुद्रित केला, पण टोल्याचा 'टण्' वगळून नंतरचा घुमणारा भाग तेवढा हळूच वर आणला. सुरुवात काढून टाकली की ऐकणाऱ्याला वस्तू ओळखता येत नाही. आपला कान वाद्य ओळखतो तो बराचसा आवाजाच्या पहिल्या काही मिलिसेकंदांवरून. मग त्या घुमणाऱ्या नादाचे उपस्वर (एकाच नादात मिसळलेले वेगवेगळ्या उंचीचे साधे सूर) शोधले, त्यांतले सर्वांत प्रबळ बारा निवडले, आणि वर्कशॉपच्या बारा ऑसिलेटरवर एकेक लावून तो नाद नव्याने बांधला.

धातूच्या शेडचे उपस्वर तारेसारखे पूर्णांकी पटीत नसतात. तारेत १, २, ३, ४ असा चढता क्रम मिळतो आणि कानाला एकच स्वर ऐकू येतो. पत्र्यात तो क्रम विस्कटलेला असतो, म्हणून स्वर असल्याचा भास होतो पण नेमका कुठला ते सांगता येत नाही. ही अनिश्चितताच त्या रचनेत वाळवंटाचं काम करते. ऑसिलेटरवर बांधल्यामुळे आणखी एक फायदा झाला: खरी शेड दोन-चार सेकंदांत थंड पडते, बांधलेला नाद हवा तितका वेळ धरून ठेवता येतो.

बॅरी बर्मांज यांच्यासोबतचं काम काय आहे?

१९६४-६५ मध्ये रेडिओसाठी केलेल्या चार रचना, 'इन्व्हेन्शन्स फॉर रेडिओ'. आमच्या मते त्यांचं सर्वोत्तम काम हेच. बर्मांज यांनी साध्या लोकांच्या मुलाखती घेतल्या: पडलेली स्वप्नं, देवाविषयीच्या कल्पना, मरणानंतर काय, म्हातारपण. पहिल्या 'द ड्रीम्स'मध्ये ही वाक्यं विषयाप्रमाणे लावलेली आहेत: धावणं, पडणं, जमीन, समुद्र, रंग. निवेदक नाही, प्रश्न ऐकू येत नाहीत. एक वाक्य संपतं, तसंच काहीसं दुसऱ्याच कुणाचं सुरू होतं, काही शब्द परत येतात, आणि खाली डेलियांचे लांब, जवळजवळ स्थिर सूर. बोलण्याच्या चढउतारांना त्यांनी चालीसारखं वागवलं आहे. प्रसारणाच्या वेळी श्रेय मात्र पुन्हा विभागाचंच.

त्या सिंथेसायझर वापरत होत्या का?

प्रसिद्ध रचनांमध्ये नाही. धून १९६३ ची आहे. बाजारात मिळणारे सिंथेसायझर त्यानंतरचे. ती 'सिंथेसायझरवर वाजवलेली पहिली धून' असं जागोजागी लिहिलेलं आढळतं, ते चूक. पीटर झिनोव्हिएफ यांच्या ईएमएस कंपनीचा व्हीसीएस-३ १९६९ मध्ये आला, मग वर्कशॉपमध्ये 'डेलावेअर' नावाचा कपाटाएवढा सिंथेसायझर बसवला गेला. १९७२ मध्ये त्याच्यावर 'डॉक्टर हू'ची नवी आवृत्ती करून पाहिली. ती बाद झाली, तरी परदेशी पाठवलेल्या काही भागांवर चुकून लागलीच. ऐकलं की बाद का झाली ते कळतं: सगळे स्वर सारखे, सगळे जागच्या जागी. टेपच्या आवृत्तीत प्रत्येक स्वर वेगळा कापलेला असल्यामुळे किंचित वेगळा आहे.

बीबीसीबाहेर त्यांनी काय केलं?

१९६६ मध्ये वर्कशॉपमधले सहकारी ब्रायन हॉजसन आणि झिनोव्हिएफ यांच्यासोबत 'युनिट डेल्टा प्लस' हा गट, झिनोव्हिएफ यांच्या पटनीतल्या स्टुडिओत. वर्षभरात मोडला. मग डेव्हिड व्होरहाउस आणि हॉजसन यांच्यासोबत कॅम्डनमध्ये 'कॅलिडोफोन' स्टुडिओ. तिथे 'व्हाइट नॉइज' या नावाने 'अ‍ॅन इलेक्ट्रिक स्टॉर्म' ही तबकडी तयार झाली, आयलँड रेकॉर्ड्सने ती १९६९ मध्ये काढली. पहिली बाजू महिनोन्महिने तुकडे जोडून केलेली आहे; शेवटचा लांब भाग कंपनीने मुदतीचा तगादा लावल्यावर एका रात्रीत उरकलेला. फरक कळतो. याच काळात संगीत-संग्रहांसाठी (कार्यक्रमांना वापरायला मिळणाऱ्या तयार संगीताच्या) 'ली द ला रूस' या टोपणनावानेही त्यांनी काम केलं. त्यातलं काही आयटीव्ही या वाहिनीच्या मुलांच्या विज्ञानकथा मालिकांत वाजलं.

१९७३ नंतर संगीत का सोडलं?

त्यांनी स्वतः दिलेलं कारण असं की, बीबीसीचा कारभार समित्या आणि हिशेबनीसांच्या हाती गेला होता. सिंथेसायझर आल्यावर मुदती आणखी आखडल्या, आणि ज्या पद्धतीत त्यांचा हात बसला होता तिला वेळ देणारं कुणी उरलं नाही. हॉजसन यांच्या 'इलेक्ट्रोफोन' स्टुडिओत थोडं काम करून १९७५ च्या सुमारास त्या थांबल्या. पुढे गॅसवाहिनी टाकणाऱ्या कामावर रेडिओ ऑपरेटर, कंब्रियातल्या एका कलादालनात, पुस्तकांच्या दुकानात अशा नोकऱ्या. १९८० नंतर नॉर्थम्प्टनला. दारू, एकटेपणा यांवर लिहिणारे बरेच लिहितात. कामाबद्दल त्यातून काही कळत नाही. अखेरच्या काळात संगीतकार पीटर केंबर यांच्यासोबत त्यांनी पुन्हा थोडं ध्वनिकाम केलं.

त्यांच्या टेपांचं पुढे काय झालं?

मृत्यूनंतर घराच्या माळ्यावर २६७ रिळं आणि बरेच कागद सापडले. संगीतकार मार्क एअर्स यांनी ती सांभाळली, मग मँचेस्टर विद्यापीठाकडे दिली. २००७ मध्ये डिजिटल नकला करण्याचं काम झालं. आता हा संग्रह मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयाशी जोडलेला आहे. रिळांवरची नावं अपुरी किंवा मुळीच नसल्यामुळे कुठला तुकडा कुठल्या कार्यक्रमाचा हे ओळखणं अजूनही कठीण. एक पूर्ण रचना आणि तिच्यासाठी केलेले नुसते कच्चे आवाज शेजारी शेजारी मिळतात. अभ्यासकाला कच्चेच जास्त उपयोगी.

त्यांना काही सन्मान मिळाले का?

मिळाले, सगळे मरणोत्तर. कॉव्हेंट्रीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, बालपणीच्या घरावर २०१७ मध्ये निळी पाटी (नामवंतांच्या घरांवर लावतात ती स्मृतिपाटी) लागली, त्याच वर्षी कॉव्हेंट्री विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

हेडफोन लावून आधी 'ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स', मग 'द ड्रीम्स', मग १९६३ ची मूळ धून. धून सर्वांत शेवटी ऐका, म्हणजे कान तुकड्यांकडे जाईल. पहिल्या वेळी फक्त खालची तार ऐका आणि कुठला स्वर जरा जोरात आहे ते टिपा. पुढच्या वेळी फक्त फुत्कार.

लॅम्पशेडची पद्धत आज संगणकावर कशी करून पाहता येईल?

कुठलंही मोफत ध्वनिसंपादक चालतं, त्यात आवाजातल्या वारंवारितांचा आलेख (स्पेक्ट्रम) काढण्याची आणि साइन सूर, म्हणजे एकाच वारंवारितेचा शुद्ध सूर, तयार करण्याची सोय हवी.

धातूची वस्तू दोऱ्याला टांगा. हातात धरली किंवा टेबलावर ठेवली तर नाद दबतो, आणि बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. माइक २०-३० सेंमीवर, टोला कापड गुंडाळलेल्या काडीने. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पातळीचं टोक −१२ डेसिबलच्या आसपास. आवाज पूर्ण विरेपर्यंत मुद्रण थांबवू नका.

सुरुवातीचे ५० ते ८० मिलिसेकंद कापा आणि पुढच्या भागाला सुमारे २०० मिलिसेकंदांत हळूहळू वर येऊ द्या. एवढ्यानेच वस्तू ओळखेनाशी होते. मग आलेख काढा. नमुन्यांची संख्या १६,३८४ ठेवली तर ४८ किलोहर्ट्झला साधारण ३ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो; ६५,५३६ ठेवली तर पाऊण हर्ट्झपर्यंत. मोठी घ्या, कारण धातूत दोन उपस्वर एकमेकांना खेटून असतात आणि त्यांच्यातल्या फरकामुळेच नाद हेलकावतो. ते एकच समजून घेतलेत तर बांधलेला आवाज मेलेला लागेल. उंच शिखरांपैकी बारा निवडून वारंवारिता, पातळी आणि साधारण किती सेकंदांत विरतो हे तिन्ही लिहून घ्या.

प्रत्येकासाठी वेगळ्या ट्रॅकवर साइन सूर बनवा. बारा सूर पूर्ण पातळीवर एकत्र केले तर बेरीज २२ डेसिबलपर्यंत वर जाऊ शकते आणि आवाज फाटतो. म्हणून मिसळण्याआधी सगळे तेवढे खाली आणा, मग टिपलेल्या पातळ्यांप्रमाणे आपापसात लावा.

आता विरण्याचे वेळ. बहुतेक धातूच्या वस्तूंमध्ये वरचे उपस्वर आधी जातात, खालचे रेंगाळतात. सगळ्यांना एकच उतार दिला तर ऑर्गनसारखा सपाट सूर ऐकू येतो, आणि 'आकडे बरोबर असूनही आवाज येत नाही' ही तक्रार जवळजवळ नेहमी यामुळेच असते. मूळ मुद्रण शेजारी वाजवून तुलना करा. ओळखीचा वाटू लागला की एकेका सुराची वारंवारिता अर्ध्या-एका हर्ट्झने हलवून पाहा, मग संपूर्ण नाद अर्ध्या वेगाने वाजवा. तो एक सप्तक खाली जाईल, दुप्पट लांबेल आणि हेलकावे निम्म्या गतीचे होतील.